पोपटराव शपथ घालत नाहीत

केंद्राला वीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार आहे. पोपट ओव्हाळांबद्दल चार शब्द लिहून द्या, असं आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं. चार शब्दांत बसणारा माणूस असता तर मी तिथल्या तिथे केसपेपरच्या पाठीवर लिहून दिलं असतं. त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर मला माझ्याबद्दलही लिहावं लागेल, आणि ते स्मरणिकेत शोभायचं नाही. तिकडे गोडगोड एक पान खरडून दिलंय. हे वेगळं आहे.

स्वारगेटच्या मागे, टायरच्या गोदामावर आमचं व्यसनमुक्ती केंद्र. चढायला एक लाकडी जिना, वर हॉल, आत आठ खाटा. तीन आठवडे दाखल करून घेतलं की कुठल्याही दारुड्याला कोरडा करता येतो, त्यात कुणी फार मोठेपणा सांगू नये. खरी गंमत पुढे असते. घरी गेल्यावर वर्षभर दर गुरुवारी चार वाजता त्याने परत जिना चढायचा असतो, आणि निम्मे चढत नाहीत. चढला तो बहुधा तरतो. पोपटरावांचं काम एवढंच, की माणूस जिना चढत राहिला पाहिजे.

पोपटराव मूळचे पिंपरीकडच्या एका कारखान्यातले टर्नर. राहायला ताडीवाला रस्त्याला. वडिलांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला तेव्हा हे पाच-सहा वर्षांचे. घरात रोज संध्याकाळी त्रिशरण आणि पंचशील. त्यातलं पाचवं शील मद्यापासून लांब राहण्याचं. मोठेपणी दारू लागल्यावर पोपटराव चार शिलं खणखणीत म्हणायचे आणि पाचव्याला खोकला काढायचे. शेजारी बसलेल्या चंद्रभागाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तो खोकला पाठ झाला होता. पुढे नव्वदनंतर कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि जुन्या टर्नरांना हार घालून घरी पाठवलं. मग खोकला काढायचीही गरज उरली नाही, कारण संध्याकाळी हे घरातच नसायचे.

त्र्याण्णव साली चंद्रभागाबाईंनी त्यांना आमच्या केंद्रात आणून टाकलं. एकवीस दिवसांनी ते बाहेर पडले ते थेट विहारात गेले, बायकोला समोर बसवलं आणि पाचवं शील मोठ्याने म्हटलं. त्या दिवसापासून थेंब नाही. मग केंद्रातच मदतीला राहिले, आणि वर्षभरात पगारी कामाला लागले.

इथेच घोळ झाला. आपल्याला जे लागू पडलं ते जगाला लागू पडणार, असं ते धरून चालले. घरी जाणाऱ्या प्रत्येकाला ते शपथ घालायला लागले. बौद्ध असेल तर शील, गणपतीवाला असेल तर दगडूशेठपुढे नारळ, आणि लेकरंबाळं असतील तर लेकराच्या डोक्यावर हात. घरच्यांनाही ते पटायचं. डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर ती त्या लेकरावर येते, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मला तर मुळीच लागलं नाही.

अनंत माझा नवरा. तो होता तोवर मी त्याला अहो-जाहो करायची. आता एकेरीत नाव घेते, भांडायला सोपं जातं. बुधवार पेठेत त्याचं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. हात सोन्याचा. पण बाजारात स्वस्त नवा माल आला आणि लोक दुरुस्तीला काही आणेनासे झाले. उघडं दुकान, रिकामा दिवस आणि काउंटरखाली बाटली. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात मी त्याला केंद्रात घातलं. घरी आणायच्या दिवशी आमची शर्मिला सात वर्षांची. पोपटरावांनी तिला स्टुलावर उभं केलं आणि अनंतला हात ठेवायला सांगितलं. अनंत म्हणाला, पोरीला कशाला मध्ये आणता, मी माझीच घेतो. त्यावर 'तिचीच घ्यायची, आत्ता, माझ्यासमोर' असं म्हणाले ते पोपटराव नव्हेत, मी. शर्मिला हसत होती. तिला वाटलं औक्षण-बिवक्षण चाललंय.

सात गुरुवार तो गेला. आठव्या गुरुवारी गेला नाही. त्या वेळी केंद्रात कुणी न आलेल्याला शोधायला जात नसे. गरज असेल तो येईल, असा रिवाज होता. शनिवारी शेजारच्या दुकानदाराने त्याच्या दुकानाचं अर्धं शटर वर केलं. अनंत कामाच्या टेबलाखाली पडला होता, गेलेला. तपासणीत पोटात दारूचा थेंब सापडला नाही. डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं. म्हणाल्या, तो बरेच दिवस चोरून भरपूर पीत असणार, आणि मग दोन-तीन दिवसांपूर्वी त्याने एकदम बंद केली असणार. असं एकदम थांबवलं की झटके येतात. जवळ कुणी असतं, दवाखान्यात नेलं असतं, तर वाचला असता.

चौदाव्या दिवशी मी केंद्रात गेले. गुरुवारच होता, हॉल भरलेला. सगळ्यांदेखत पोपटरावांना म्हणाले, "तुमच्या शपथेनं माझा नवरा खाल्ला. मोडली म्हणून त्याला तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटली." पोपटराव उभे राहिले आणि खाली मान घालून ऐकत राहिले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चौदा दिवसांत पहिल्यांदा त्या रात्री मला झोप लागली.

सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून केसपेपरच्या टेबलावर नोकरी दिली. माझं टेबल जिन्याच्या तोंडाशी, पोपटरावांची खुर्ची समोर. अशी आठ-नऊ वर्षं गेली.

मी नोकरीला लागले त्याच सुमारास डॉक्टरीणबाई बंगलोरला जाऊन समुपदेशनाची नवी पद्धत शिकून आल्या. उपदेश करायचा नाही, भीती घालायची नाही, वाद घालून जिंकायचं नाही. माणसाला विचारायचं आणि ऐकायचं. दारू सोडायचं कारण त्याच्या स्वतःच्या तोंडून बाहेर आलं पाहिजे. बाकीचे हसले. पोपटरावांनी मात्र ते असं धरलं की विचारू नका. शपथ त्या दिवसापासून बंद. कुणी आपणहून हात पुढे केला तरी ते धरून खाली ठेवायचे.

एकदा एक रिक्षावाला आला, घरच्यांनी ढकलत आणलेला. पोपटरावांनी विचारलं, सोडायची इच्छा दहापैकी किती? तो म्हणाला, तीन. मला वाटलं आता याला झापतील. तर म्हणतात कसे, तीन का? शून्य का नाही? रिक्षावाला गोंधळला. मग म्हणाला की म्हातारी आई मी घरी येईपर्यंत जेवत नाही. पोपटरावांनी तेच शब्द हळूच परत म्हटले, आई जेवत नाही, आणि थांबले. रिक्षावाला पुढचा अर्धा तास एकटाच बोलत होता. मी नंतर टोमणा मारलाच. म्हटलं, काय हो, तीन मार्कांत पास करायला लागलात? तर म्हणाले, "ताई, शपथ घेतलेल्याला दहाच लागतात. एक कमी पडला की तो तोंड लपवतो. तीनवाला उद्या दोनावर आला तरी येतो." रिक्षावाला दोन वर्षं येत राहिला.

घरी जाणाऱ्याला ते एकच गोष्ट बजावायचे, परत प्यालात तर त्याच दिवशी या, प्यालेले असलात तरी या. आणि गुरुवारी कुणी चुकला की शुक्रवारी सकाळी यांची सायकल त्याच्या दारात. का आला नाहीस, असं विचारायचं नाही. जवळून चाललो होतो, म्हणायचं. कोंढव्याच्या टेकडीवर राहणाऱ्याच्यासुद्धा हे जवळूनच चाललेले असायचे.

एवढं वाचून कुणाला वाटेल, छान झालं, माणूस चुकीतून शिकला. तसं नव्हतं. जिना चढताना शेवटच्या दोन पायऱ्या राहिल्या की खाकरायची अनंतला सवय होती. दर गुरुवारी सव्वाचारच्या सुमाराला पोपटराव बोलता बोलता थांबायचे. उठायचे, जिन्यापाशी जायचे, खाली वाकून बघायचे आणि परत येऊन बसायचे. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, तुमचे मिस्टर खाकरले. माझं टेबल जिन्याला लागून, मला काही ऐकू आलं नव्हतं. मी म्हटलं, गोदामातली माणसं खाकरत असतील. ते म्हणाले, असतील. पुढच्या गुरुवारी परत उठले.

दारात एक जण येऊन उभा आहे आणि आपण त्याला आत घेतलं नाही, असं ते चंद्रभागाबाईंना सांगायचे. त्या एकदा डबा द्यायला आल्या तेव्हा माझ्याजवळ रडल्या. लेक नाशिकला कायमचं राहायला बोलावत होती, हे जाईनात. गुरुवारी मी इथे नसलो आणि तो आला तर, म्हणायचे. मी चंद्रभागाबाईंना पाणी दिलं, पदराने डोळे पुसा म्हटलं. त्यांच्या नवऱ्याला त्यातून सोडवेल अशी गोष्ट मला माहीत होती, आणि मी पाण्याचा पेला विसळून ठेवला.

मग दोन हजार सहा साली राजस आला. सत्तावीस वर्षांचा, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. बायको कादंबरी, तीही त्यातलीच, आणि दहा महिन्यांची मुलगी. रात्रीची कामं, परदेशी फोन, त्यानंतर ताण उतरवायला म्हणून सुरू झालेली दारू सकाळपर्यंत पोचली होती. पहिल्या दिवशी तो पोपटरावांशी नुसतं इंग्रजी बोलला. यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, दहापैकी किती? "फोर, मे बी." चार. बरं, दोन का नाही? राजस छताकडे बघत राहिला. म्हणाला, मुलीला उचललं की ती तोंड फिरवते, वासामुळे. आणि मग मराठीत आला.

अकरा गुरुवार त्याने चुकवले नाहीत. बारावा चुकला. शुक्रवारी पोपटराव सायकल हाणत सिंहगड रस्त्याला त्यांच्या सोसायटीत गेले, तर वॉचमनने आत सोडलं नाही. सोमवारी दुपारी दोघं आपणहून आली. कादंबरीच्या कडेवर मुलगी, मागे राजस, जिन्याच्या कठड्याला धरून. चार दिवस सलग पीत होता.

"काका, आज फायनल करायचं," कादंबरी म्हणाली. "हा बेबीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेईल. इथे, माझ्यासमोर. नाहीतर मी आजच लॉक बदलतेय."

राजस लगेच म्हणाला, घेतो ना, मी तयार आहे. तयार असतातच. त्या क्षणी शपथेइतकं स्वस्त काही नसतं. त्याने हात वर केलासुद्धा. पोपटराव त्याला अडवायला पुढे झाले, तोंड उघडलं, आणि थांबले. जिन्याकडे बघायला लागले. गुरुवार नव्हता, चार वाजले नव्हते. ते आम्हाला सगळ्यांना सोडून जिन्यापाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. खांदे हलत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. इकडे राजसचा हात पोरीच्या जावळापर्यंत आला होता.

मी टेबलामागून उठले आणि त्याचं मनगट धरलं. म्हटलं, हात खाली घे. कादंबरी चिडली. तुम्ही कोण, म्हणाली, तुम्ही क्लार्क आहात ना? म्हटलं, हो, क्लार्क आहे, पण आधी ऐक आणि मग काय लॉक बदलायचं ते बदल. तिला आतल्या खोलीत न्यावं असं मनात आलं होतं. पण राजसला सोडून ती हलली नसती, आणि मी आत जाईपर्यंत माझी हिंमत गेली असती. पोपटराव दहा पावलांवर होते. त्यांना ऐकू जाणार हे मला कळत होतं.

मी सांगितलं. सत्त्याण्णव साली, त्या आठव्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, अनंत घरी आला होता. आजवर मी सगळ्यांना, पोलिसांना, सासरच्यांना, पोपटरावांना, सांगत आले की बुधवारी सकाळी दुकानात गेला तो परत आलाच नाही. तो आला होता. वास येत होता. शर्मिलाला सकाळपासून सणकून ताप होता आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी दाराला साखळी लावूनच बोलले. म्हटलं, "पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होतात ना? मग बघा, आली तिच्यावर. ती बरी होईपर्यंत या दारात उभं राहायचं नाही." त्याने फक्त विचारलं, ताप किती आहे? एकशे तीन म्हटलं. मग तो हात जोडून म्हणाला, आता थेंब घेणार नाही, तू बघ, उतरेल. आणि जिना उतरून गेला. दुकानात जाऊन त्याने खरोखरच थेंब घेतला नाही. पोरीचा ताप उतरावा म्हणून.

कादंबरी राजसकडे वळली. मी म्हटलं, थांब, अजून आहे. शुक्रवारी सकाळी नऊला शर्मिलाचा ताप उतरला. दुकान आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. दुकानाच्या शेजाऱ्याकडे फोन होता. मी कळवलं नाही. म्हटलं, राहू दे आणखी एक दिवस तसाच, जरा कळू दे. शनिवारी शटर उघडलं.

कादंबरीने मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग राजसला म्हणाली, खाली बस, पडशील. तो बाकावर बसला आणि रडायला लागला. तिने डॉक्टरीणबाईंना हाक मारली, आज याला ठेवून घेता का म्हणून विचारलं. त्यांनी ठेवून घेतलं. चार दिवस पिऊन एकदम थांबायचं तर खाटेवरच थांबलेलं बरं. लॉक तिने बदललं नाही.

पोपटराव जिन्यापासून वळले तेव्हा चेहरा ओळखू येईना. माझ्यासमोर येऊन बसले.

"शुक्रवारी किती वाजता म्हणालात?"

"नऊ."

"म्हणजे पुरा दिवस होता." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "नऊ वर्षं मी उठून बघून येतोय, बाई. तुम्ही इथे बसून बघत होता."

होते. ते सायकल घेऊन निघून गेले. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस काही परत येत नाही. गुरुवारी मी चारच्या आधीपासून जिन्याकडे डोळे लावून बसले. चारला पाच कमी असताना आले. नेहमीसारखं सगळ्यांशी बोलले. सव्वाचारला उठले नाहीत. नंतरही कधी उठले नाहीत. मला ताई म्हणायचे ते बाई म्हणायला लागले, ते आजतागायत. आणि खाकरल्याचा आवाज आता मला येतो. मी उठून बघत नाही, माझी उठायची छाती नाही.

राजस अजून येतो. मध्ये एकदा घसरला, त्याच दिवशी संध्याकाळी जिन्यात हजर. कादंबरीने आणून सोडला होता.

एका गुरुवारी सगळे गेल्यावर पोपटराव माझ्या टेबलापाशी थांबले. रोग्याला विचारतात त्याच आवाजात म्हणाले, शर्मिलाला सांगायची इच्छा किती, दहापैकी? मला राग आला. मी काय दाखल झालेय का इथे, म्हटलं. ते थांबून राहिले. मी म्हटलं, एक. एक का, म्हणाले, शून्य का नाही? मी केसपेपर लावत राहिले. ते खुर्ची ओढून बसले. शेवटी माझ्याच तोंडून निघालं, की पोरीला ताप आला की ती मला जवळ बसू देत नाही, लहानपणापासून, कधी कारण सांगत नाही. "जवळ बसू देत नाही," पोपटराव म्हणाले. मी तिथेच ढसाढसा रडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, पण उठूनही गेले नाहीत.

तरी घरी सांगायला मला आणखी दोन महिने लागले. शर्मिला सोळा वर्षांची, अकरावीला. रविवारी दुपारी ती गणितं सोडवत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि कादंबरीला सांगितलं होतं तसं सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. वाटलं, ओरडेल, निघून जाईल. ती पेन हातात धरून बसून राहिली.

"म्हणजे बाबा खरंच आले होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, तापात मला भास झाला. ताप किती आहे, असं विचारलं ना त्यांनी?"

मी मान हलवली.

"मी आतून सांगितलं होतं, बाबा मी बरी आहे. दोनदा सांगितलं. त्यांना ऐकू गेलं असेल का गं?"

मला ऐकू आलं नव्हतं. मी तेव्हा दाराची कडी लावत होते.